चार स्क्रूंचा डबा

"च्या निवतोय की रं अंबादासा," नीलाक्का म्हणाली. बशी उचलायला मी खाली वाकलो आणि मला पलंगाखालचा डबा दिसला.

राखाडी पत्र्याचा, झाकणाला चार स्क्रू, पुढं एक बारका लाल दिवा. माझ्याच हातचा. दिवा लागलेला होता. डब्यातून निघालेली वायर उशापाशी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या मशीनला गेली होती आणि मशीनची नळी आक्काच्या नाकाला. मशीन एकसारखं घुरघुरत होतं. दर थोड्या वेळानं फुस्स करून दम टाकायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

बशीतला चहा माझ्या मांडीवर सांडला.

"भाजलं का रं?"

"नाही आक्का."

भाजलं होतं चांगलंच, पण माझं तिकडं लक्षच नव्हतं. त्या डब्यात काही नव्हतं. दोन सरळ वायरी आणि तो दिवा एवढंच. विजेचा दाब वाढला तर पुढच्या मशीनला वाचवेल असं त्यात काहीएक नव्हतं, कारण ते सगळं मीच दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवलं होतं. आणि आता त्या डब्यावर आक्काचा श्वास टांगलेला होता.

याला आता वीस वर्षं होत आली. तरी मांडीवरचा तो चटका मला अजून आठवतो.

मी अंबादास कासार. बार्शीत भाजी मंडईच्या मागं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या काळात धंदा बसत चालला होता, कारण लोक बिघडलेली वस्तू दुरुस्त करायच्या ऐवजी टाकून द्यायला लागले होते. पण माझ्या हाताबद्दल मला भारी गर्व होता, आणि तो गर्व जोपासायला एक घर होतं, ते म्हणजे तोडकरी डॉक्टरांचं. डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. आठवडाभर तालुकाभर गाई-म्हशींत राबायचे आणि रविवारी सकाळी दहा वाजता आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून गाणं ऐकायला बसायचे. लग्न केलेलं नव्हतं. घरात थोरली विधवा बहीण, नीलाक्का. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आक्कानंच त्यांना वाढवलेलं.

डॉक्टरांचा अँप्लिफायर मी बनवला होता. जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. ट्रान्सफॉर्मरसुद्धा मीच हातानं गुंडाळलेला. तीन वर्षं खपलो त्याच्यापायी. पहिल्यांदा तो लावला त्या दिवशी डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, "आत कसा केलाय ते दाखवतो, झाकण उघडू?" तर म्हणाले, "कशाला? अंबादासनं केलंय ना? मग झाकण कशाला उघडायचं?" हे वाक्य ते पुढं कायम म्हणायचे. दवाखान्यातला फ्रीज असो, नाहीतर आक्काचा मिक्सर असो, मी हात लावला की त्यांनी कधी आत डोकावून पाहिलं नाही.

आमच्याकडं व्होल्टेज कधी कसं उसळेल याचा नेम नव्हता. म्हणून मी अँप्लिफायरसाठी हा डबा बनवला. आत तांब्याच्या तारेचं जड गुंडाळं, एक फ्यूज आणि रुपयाएवढी निळी चकती. दाब वाढला की चकती स्वतः जळते, फ्यूज उडतो आणि पुढची वस्तू वाचते. साधा हिशेब. पण दुसऱ्याच रविवारी डॉक्टर म्हणाले,

"अंबादास, तुझ्या डब्यानं आवाज दबतोय."

"डॉक्टर, डबा आवाजाला हातसुद्धा लावत नाही."

"तानपुरा मागं सरकतो. डबा काढला की पुढं येतो. मास्तर, तुम्ही सांगा."

चिवटे मास्तर हे निवृत्त चित्रकला शिक्षक, आमच्या रविवारचे तिसरे. डॉक्टर जे म्हणतील त्याला त्यांची मान हलायची. "किंचित दबतोय खरा," ते म्हणाले.

हा वाद महिनाभर चालला. शहरातल्या कुठल्याशा मासिकात डॉक्टरांनी वाचलं होतं की, चांगल्या यंत्राला भिंतीतली वीज थेट द्यावी, मध्ये काही घालू नये. मी म्हणायचो, "वीज थेट दिली तर एक दिवस सगळं थेट वर जाईल." ते हसायचे आणि डबा बाजूला काढायचे. मला ते लागायचं. माझ्या हातच्या वस्तूला कुणी नाव ठेवलं की मला रात्रीचं जेवण जायचं नाही, असला माझा स्वभाव.

मग मला एक गंमत सुचली. साफ करून आणतो म्हणून मी डबा दुकानात नेला आणि आतलं सगळं काढून ठेवलं. गुंडाळं, चकती, फ्यूज, सगळं. वायरीला वायर सरळ जोडली, चार स्क्रू पिळले आणि रविवारी डबा नेऊन लावला. म्हटलं, आता ऐका. डॉक्टरांनी डोळे मिटले. तीन-चार मिनिटं गेली.

"दबतोय," ते म्हणाले. "अगदी तसाच दबतोय."

"हो, किंचित," मास्तर म्हणाले.

हसू दाबता दाबता माझे डोळे भरून आले. मोकळ्या पत्र्यातून आलेला आवाज यांना दबलेला लागत होता! तिथंच झाकण उघडलं असतं तर सगळे हसलो असतो आणि विषय संपला असता. पण मला आणखी रंगवायचं होतं. म्हटलं, पुढच्या रविवारी वकील पाहुणे येणार आहेत, त्यांच्यादेखत उघडू. तोवर माझ्या पोटात ते राहीना, म्हणून मी दुकानासमोरच्या पानवाल्याला सांगितलं. पानवाला म्हणजे हरिबा. त्यानं टपरीवर उभ्या असलेल्या चौघांना सांगितलं. दोन दिवस आम्ही हसून हसून बेजार झालो.

पुढचा रविवार उजाडलाच नाही. बुधवारी आक्काला धाप लागली आणि डॉक्टर तिला घेऊन सोलापूरला गेले. चुलीच्या धुरानं तिची फुप्फुसं कधीचीच खाल्ली होती म्हणे. दवाखान्यात मी एकदा भेटून आलो. नंतर ती घरी आली ती हे मशीन घेऊनच. तिला माणसं भेटायला नको होती, म्हणून रविवार बंद होता. डबा माळ्यावर पडला असेल असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर मी विसरूनच गेलो होतो.

आणि त्या रविवारी आक्कानंच निरोप धाडला होता, "गाणं लावा म्हणावं. मशीनची घरघर ऐकून कान किटले माझे."

डॉक्टर आणि मास्तर बाहेरच्या खोलीतून आत आले. डॉक्टरांच्या हातात रेकॉर्ड होती. माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं.

"ओळखलास का तुझा डबा?" ते म्हणाले. "गाण्याला नको म्हणालो, पण आक्काच्या मशीनला तोच लावला."

"चांगलं केलं," मास्तर म्हणाले. "अंबादासच्या हातचं काम म्हणजे बघायला नको."

डॉक्टर माझ्याकडं पाहत होते. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "ठीक आहे ना डबा? भरवसा ठेवायचा ना?"

आक्का माझ्याकडं बघत होती. मास्तर बघत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात काय काय आलं असतं! डबा मोकळा आहे, तुमचा कान तपासायला मोकळा केला, गावात त्यावर हसून झालंय, आणि आक्का घरी आल्यापासून त्याच्या भरवशावर श्वास घेतेय.

"हो," मी म्हणालो.

"बरं."

"तरी एकदा तपासून आणू का? तासाभरात परत लावतो."

"कशाला?" डॉक्टर म्हणाले. "तूच म्हणतोस ना ठीक आहे?"

आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. सतरंजीवर एक जास्तीचा तक्क्या मांडलेला होता. "आज एक नवा माणूस येणार आहे," डॉक्टर मास्तरांना सांगत होते. "गाण्यातला दिसतोय. कुठं वाटलंही नसतं." मी धड ऐकत नव्हतो. अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह लालसर होत होते. त्याची वायर थेट भिंतीत होती. रेकॉर्ड सुरू झाली. दोन महिन्यांनी त्या घरात सूर वाजत होता आणि माझ्या कानांत फक्त आतल्या खोलीतली घरघर येत होती. मशीननं दम टाकला की माझा श्वास अडकायचा, घरघर पुन्हा सुरू झाली की सुटायचा.

पहिली बाजू संपली तसा मी उठलो. "डॉक्टर, सोल्डरिंग आयर्न चालू राहिलं वाटतं दुकानात. आलोच."

"जा. लवकर ये," ते म्हणाले आणि रेकॉर्ड उलटी केली.

सायकल मी कशी मारली मला आठवत नाही. दुकान उघडलं. डब्यातून काढलेलं सगळं खणात एका पत्र्याच्या डबीत तसंच पडलं होतं. गुंडाळं, चकती, फ्यूज. दुसरा एक डबा घेतला, भोकं पाडली, टाके मारायला लागलो. टाका दोनदा सुटला, बोट भाजलं. मनाशी मी सगळं ठरवून टाकलं होतं. नवा डबा न्यायचा, म्हणायचं की हा जास्त ताकदीचा आहे, जुना उचलून आणायचा आणि विहिरीत फेकून द्यायचा. कुणाला काही सांगायचं नाही. हरिबाचं तोंड बंद करायचं. आणि जन्मात पुन्हा कुणाच्या कानाची परीक्षा घ्यायची नाही.

पाऊण तास लागला. डबा पिशवीत घालून मी निघालो.

डॉक्टरांच्या गल्लीच्या तोंडाशी कडब्यानं भरलेला ट्रक आडवा उभा होता. वर आलेला कडबा दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता आणि त्यात एक तार अडकली होती. तारेचं दुसरं टोक रस्त्यावर पडलं होतं. खांबावरच्या तारांतली सगळ्यात खालची तार. मी खाली उतरलो. ती न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी तार होती. ती तुटली की घराघरांत दोनशे तीस व्होल्टच्या जागी चारशेला टेकेल इतका दाब घुसतो. लोक रस्त्यावर आले होते. कुणी ओरडत होतं, कुणाच्या खिडकीतून धूर निघत होता.

"टीव्ही गेला आमचा! फाडकन आवाज झाला!"

"फ्रीजमधनं धूर आलाय हो, धूर!"

"वायरमनला फोन लावा कुणीतरी!"

एक बाई कडेवर पोर घेऊन नुसतीच उभी होती. मी सायकल तिथंच टाकली आणि पळालो. घर दहा-बारा दारांवर होतं. ती दहा दारं मला संपता संपेनात. माझ्या डोक्यात एकच विचार होता, मशीन. चारशेचा दाब सरळ मशीनमध्ये गेला असेल, कारण मध्ये मी दोन वायरी सरळ जोडून ठेवल्या आहेत. आक्का मेली असेल आणि मी तिला मारलं असेल. थट्टेत मारलं असेल.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत कोंदट, जळकट धूर भरला होता. माझ्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर काळा पडून त्यातून मेणासारखं काहीतरी गळत होतं. एक कंडेन्सर फुटून त्याच्या चिंध्या सतरंजीवर पडल्या होत्या. रेकॉर्ड सुई टेकलेल्या जागी थांबली होती. मास्तर दिसले नाहीत. मी त्या धुरातून आतल्या खोलीत शिरलो.

आक्का पलंगावर उशीला टेकून बसली होती. जिवंत होती. नाकाची नळी आता कोपऱ्यात अडीअडचणीसाठी उभ्या केलेल्या उंच लोखंडी सिलिंडरला जोडलेली होती आणि डॉक्टर त्याचा नळ बारीक करत होते.

"आक्का," मी म्हणालो आणि मला रडूच फुटलं.

"आरं, मला काय झालंय?" आक्का म्हणाली. "घाबरलास व्हय? मशीन बंद पडलं तवा भावानं लगीच ह्ये लावलं. बस जरा."

"मशीन बघ," डॉक्टर म्हणाले. "चालेल का पुन्हा?"

मी मशीनपाशी बसलो. वास घेतला, मागची जाळी काढली, मीटर लावून पाहिलं. दहा मिनिटं मी त्यात काहीतरी जळलेलं शोधत होतो, आणि सापडत नव्हतं. मशीन धडधाकट होतं. हे कसं शक्य आहे? बाहेर अँप्लिफायरची राख झाली आणि हे यंत्र, एकाच घरात, एकाच लाइनीवर, साफ सुटलं?

मग मी पलंगाखाली हात घातला आणि डबा बाहेर ओढला. त्याचा पत्रा गरम होता. त्याला जळका वास येत होता.

त्या डब्यात जळण्यासारखं काही नव्हतंच. मी स्वतः मोकळा केलेला डबा जळेलच कसा? मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि एकेक स्क्रू सोडवला. झाकण उचललं.

आत तांब्याचं गुंडाळं होतं. फ्यूज होता, उडालेला. आणि एक चकती होती, जळून कोळसा झालेली, अर्धी फुटलेली. टाके नीट मारलेले होते, पण ते माझ्या हातचे नव्हते.

मी वर पाहिलं. डॉक्टर माझ्याकडंच बघत होते.

"सोलापुरात दवाखान्यासमोर एक रिपेरीवाला आहे," ते म्हणाले. "त्याच्याकडनं भरून घेतला."

"तुम्हाला… तुम्हाला माहीत होतं?"

"मशीन घरी आलं त्या दिवशी डबा उचलला, तर हलका लागला. अरे, वासरू उचलून वजन सांगणारा माणूस मी. मला कळायचं नाही? उघडून बघितलं."

"मला का नाही विचारलंत?"

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. "काय विचारायचं? तुझं दुकान चालत नव्हतं. पोरीचं लग्न नुकतंच झालेलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या सेटात लागले असतील पार्ट. माणसावर वेळ येते. विचारून तुला खाली बघायला लावायचं, त्यापेक्षा भरून घेतला. आज मात्र राहवलं नाही. म्हटलं, आक्काच्या पलंगाखाली बघितल्यावर तरी सांगशील. तू हो म्हणालास. मास्तर होते. लाजला असशील, असं समजलो."

म्हणजे इतके दिवस हा माणूस मला चोर समजत होता. आणि चोर समजूनही त्यानं मला दवाखान्याचं काम दिलं, घरी बोलावून चहा दिला, गाणं ऐकायला बसवलं. मला ते सहन होईना. चोर मी नव्हतो. निदान तेवढं तरी याला कळायला हवं होतं.

"डॉक्टर, देवाशपथ सांगतो, मी पार्ट विकायला काढले नव्हते. ते खणात तसेच पडून होते. चोरी करायची असती तर आत दगड तरी टाकला असता वजनाला!"

"तेच मला उमगत नव्हतं," ते म्हणाले. "मग का काढलेस?"

"तुम्ही म्हणायचात ना, आवाज दबतो. म्हणून… मोकळा डबा लावून बघायचं होतं, तुम्ही काय म्हणता ते."

"माझा कान तपासायला?"

"गंमत म्हणून. पुढच्या रविवारी सगळ्यांदेखत उघडणारच होतो."

बाहेर वायरमनची शिडी खांबाला टेकल्याचा आवाज आला. आक्का एकदा भावाकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती.

"आणि मी दबतोय म्हणालो," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मोकळ्या डब्यातून." मग त्यांनी मान वर केली. "आणखी कुणाला माहीत होतं हे?"

मी हातातलं झाकण उलटंपालटं करत राहिलो.

"अंबादास, कुणाला सांगितलंस?"

"हरिबाला. पानवाल्याला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला तो मी डोळ्यांनी पाहिला. कुणी कानफटात मारावी तसे ते एकदम मागं झाले.

"म्हणून विचारायचा होय तो," ते म्हणाले. "दर वेळेला पान घ्यायला गेलो की विचारायचा, काय डॉक्टर, आज आवाज कसाय, दबतोय का? सगळी टपरी माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, गाण्यातला माणूस आहे. मी त्याला सांगितलं, रविवारी ये घरी, ऐकवतो. आजच बोलावलं होतं. त्याच्यासाठी तक्क्या मांडून ठेवला होता."

बाहेरच्या धुरात तो तक्क्या अजून तसाच होता.

"चुकलो, डॉक्टर," मी म्हणालो. "पाया पडतो. चुकलो."

"म्हणजे तुला गरज नव्हती."

"नव्हती."

"गरज असती तर बरं झालं असतं, अंबादास," ते म्हणाले. अगदी हळू, आवाज न चढवता. चढवला असता तर मला सोसलं असतं.

आक्कानं भिंतीकडं कूस केली. नळी ताणली गेली म्हणून डॉक्टरांनी ती सैल केली.

तासाभरानं तार जोडली गेली आणि लाइट आली. तोवर मी तिथंच जमिनीवर बसून होतो. जा म्हणून कुणी सांगितलं नाही आणि ऊठ म्हणूनही नाही. मास्तर मधे डोकावून गेले, जळलेल्या अँप्लिफायरकडं बघून चुकचुकले. मी म्हणालो, नवा करून देतो, याच्यापेक्षा चांगला. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती.

मशीन पुन्हा चालू करायचं होतं. जळका डबा कामाचा राहिला नव्हता. डॉक्टरांची नजर माझ्या पिशवीवर गेली.

"त्यात काय आहे?"

"नवा डबा. तोच आणायला गेलो होतो. भरलेला आहे."

मी तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळहातावर धरून वजन घेतलं. वजन बरोबर होतं, ते त्यांना कळलं, हे मलाही कळलं. मी वायर हातात धरून उभा राहिलो, कारण इतकी वर्षं असंच चालत आलं होतं. मी वस्तू द्यायची आणि त्यांनी ती लाव म्हणायची.

डॉक्टरांनी माझ्यापुढं हात केला. "स्क्रूड्रायव्हर."

मी दिला. खिडकीपाशी उजेडात जाऊन त्यांनी पहिला स्क्रू काढला, मग दुसरा. चारही स्क्रू काढून त्यांनी ओळीनं खिडकीत ठेवले. झाकण उचललं, आत वाकून पाहिलं. गुंडाळं बोटानं हलवून बघितलं. फ्यूज बघितला. चकती बघितली. मग झाकण बसवून चारही स्क्रू एकेक करून पुन्हा पिळले आणि डबा माझ्याकडं दिला.

"ठीक आहे मिस्त्री," ते म्हणाले. "लावा."